आधी डेस्टिनेशन, मग सोर्स : व्हिडिओ राउटर नव्याने हाताळणाऱ्यांसाठी

नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी वाहिनीच्या एमसीआरमध्ये, म्हणजे मास्टर कंट्रोल रूममध्ये, राउटरच्या पॅनलसमोर बसलो होतो. सीनियरांना विचारलं, "सर, हे ओबी व्हॅनचं फीड कुठे कुठे जातं?" ते म्हणाले, "फीड कुठे जात नसतं. कुणीतरी ते मागतं. कोण मागतंय ते आधी बघ." तेव्हा मला वाटलं, शब्दांचा खेळ करताहेत. पण राउटरची रचना, पॅनलवरची बटणं आणि संगणकावरून पाठवायच्या आज्ञा या सगळ्यांचा क्रम त्या उत्तरात होता.

घोळ नावापासूनच सुरू होतो. घरातल्या वायफायच्या डब्यालाही राउटर म्हणतात. इथला राउटर म्हणजे राउटिंग स्विचर: कॅमेरे, सर्व्हर, डिशवरून उतरलेली फीड्स, ग्राफिक्सची मशिन्स हे सगळे सोर्स एका बाजूला, मॉनिटर, रेकॉर्डर, व्हिजन मिक्सरचे इनपुट, प्लेआउट (प्रक्षेपणाला जाणारी वाट) ही डेस्टिनेशन्स दुसऱ्या बाजूला, आणि मधे कुणाला काय मिळेल हे ठरवणारी पेटी. व्हिजन मिक्सरशीही त्याची गल्लत करू नका. मिक्सर चित्रं एकमेकांत मिसळतो, त्यावर अक्षरं चढवतो. राउटर चित्राला हातच लावत नाही. आत ७२०पी पद्धतीचं चित्र आलं तर बाहेर ७२०पीच जातं. समोरच्या मॉनिटरला फक्त १०८०आय कळत असेल तर तो काळा राहील, आणि त्यात राउटरचा काही दोष नाही.

पेटीच्या आत

पाटीवर ओळीने इनपुटच्या आडव्या तारा आणि आउटपुटच्या उभ्या तारा आहेत असं डोळ्यांसमोर आणा. जिथे दोन तारा एकमेकींना छेदतात तिथे एक स्विच. त्याला म्हणतात क्रॉसपॉइंट. १६ इनपुट आणि १६ आउटपुटच्या राउटरमध्ये असे २५६ क्रॉसपॉइंट होतात, ७२ बाय ७२ मध्ये ५,१८४ आणि २८८ बाय २८८ मध्ये ८२,९४४. आकार दुप्पट केला की क्रॉसपॉइंट चौपट होतात. मोठा राउटर एवढा महाग का, याचं एक कारण इथेच सापडतं.

एका उभ्या तारेवर एका वेळी एकच क्रॉसपॉइंट चालू राहू शकतो. आडव्या तारेवर मात्र हवे तेवढे. म्हणजे एकच सोर्स पन्नास डेस्टिनेशन्सना देता येतो, पण एका डेस्टिनेशनला दोन सोर्स देता येत नाहीत. आकाशवाणी केंद्राला किती घरांत रेडिओ लागलाय याचा पत्ता नसतो, आणि एका रेडिओवर एका वेळी एकच केंद्र ऐकू येतं, तसंच हे. म्हणून राउटरची स्थिती लिहून ठेवायची झाली तर यादी डेस्टिनेशन्सची करायची आणि प्रत्येकासमोर एकेका सोर्सचं नाव लिहायचं. राउटर स्वतःही आत अशीच यादी ठेवतो.

आता सिग्नलचा प्रवास. भारतात एचडी प्रक्षेपण प्रामुख्याने १०८०आय, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम. दिसणाऱ्या भागाबरोबर न दिसणारा भागही धरला तर एका ओळीत २,६४० नमुने, एका फ्रेममध्ये १,१२५ ओळी, आणि दर नमुन्याला प्रकाशाचे १० व रंगाचे १० मिळून २० बिट. गुणाकार करून पाहा: सेकंदाला १.४८५ अब्ज बिट. एचडी-एसडीआय, म्हणजे केबलवरून एचडी चित्र डिजिटल रूपात नेण्याची पद्धत, तिचा वेग तोच. जुन्या एसडीचा २७० दशलक्ष बिट होता, थ्रीजीचा (मोबाइलचं नव्हे, एसडीआयचाच पुढचा प्रकार) एचडीच्या दुप्पट, आणि ट्वेल्व्हजीचा साधारण आठपट. हे सगळं ७५ ओहमच्या एका कोॲक्स केबलमधून, साधारण ८०० मिलिव्होल्टच्या सिग्नलवर.

एवढ्या वेगाचा सिग्नल लांब केबलमधून येईपर्यंत मरगळून गेलेला असतो. म्हणून राउटरच्या इनपुटला आधी इक्वलायझर बसवलेला असतो. केबलने खाल्लेल्या वरच्या फ्रिक्वेन्सी तो परत उचलतो. पुढे क्रॉसपॉइंट, त्यानंतर रीक्लॉकर. बिटांच्या कडा थोड्या पुढेमागे सरकलेल्या असतात, त्यांना तो पुन्हा घड्याळाच्या ठोक्यावर आणतो. शेवटी केबल ड्रायव्हर, जो सिग्नल ताजा करून बाहेरच्या केबलवर ढकलतो. राउटरमधून गेलेला सिग्नल कधीकधी आत आला त्यापेक्षा धडधाकट बाहेर पडतो तो यामुळे.

केबलशी खेळ नको

अॅनालॉगच्या काळात केबल लांबली की चित्र थोडं मऊ पडायचं आणि डोळ्यांना आधीच इशारा मिळायचा. डिजिटलमध्ये तसं होत नाही. चित्र झकास दिसत असतं, केबल चारदोन मीटर वाढवली की ठिपके चमकू लागतात, आणखी थोडी वाढवली की काळोख. बेल्डन १६९४ए ही आपल्याकडे खूप वापरली जाणारी केबल. एचडीला तिच्यावर शंभर मीटरच्या आसपास भरवसा ठेवता येतो, थ्रीजीला सत्तर-ऐंशी, आणि ट्वेल्व्हजीला त्याहून बराच कमी. एचडीवर वर्षानुवर्षं चाललेली वायरिंग थ्रीजीचा सोर्स लावताच रुसते ती म्हणूनच.

जोडणी करताना मी तीन गोष्टींवर हटून बसतो. बीएनसी कनेक्टर (कोॲक्सच्या टोकाचा, फिरवून बसवायचा) ७५ ओहमचाच घ्यायचा; ५० ओहमचा दिसायला तसाच असतो आणि बसतोही, पण सिग्नल परावर्तित करतो. केबलचे जुडगे टायने आवळून बांधायचे नाहीत. दबलेल्या जागी केबलचा इंपीडन्स, म्हणजे ते ७५ ओहम, बदलतो. आणि दोन्ही टोकांना नंबर. "नंतर लावू" म्हटलेलं लेबल कधीच लागत नाही.

एक आडवळणाची गोष्ट सांगतो, कारण ती मला महागात पडली आहे. डिशच्या रिसीव्हरमधून निघणारा एएसआय सिग्नलही (यात चित्र-आवाज कॉम्प्रेस केलेले असतात) २७० दशलक्ष बिटांचाच असतो, तोही बीएनसीवर येतो, त्यामुळे एसडीआय राउटरमधून तो आरामात पाठवता येतो. पण एसडीआयला सिग्नल उलटा झाला तरी फरक पडत नाही. त्याचं कोडिंग बदलावर चालतं, दिशेवर नाही. एएसआयला पडतो. आमच्या मार्गात एक डिस्ट्रिब्युशन अॅम्प्लिफायर (एका सिग्नलच्या अनेक प्रती काढणारा) होता आणि त्याचे अर्धे आउटपुट उलट्या ध्रुवाचे होते. मी नेमका त्यातलाच एक निवडला. एसडीआयचे कलर बार्स (तपासणीचे रंगीत पट्टे) त्याच तारेवरून सुंदर दिसत होते आणि एएसआयला डिकोडर लॉकच होत नव्हता. दोन तास राउटरला शिव्या घातल्या. केबल शेजारच्या बीएनसीवर सरकवली आणि विषय संपला.

रेफरन्स जोडला का?

राउटरच्या मागे "रेफ" लिहिलेलं एक बीएनसी असतं, रेफरन्ससाठी, म्हणजे सगळ्या यंत्रांना एका तालात ठेवणाऱ्या सिग्नलसाठी. नवखे लोक ते रिकामं सोडतात, कारण त्याशिवायही चित्र येतं. पण राउटरने सोर्स बदलायचा कधी? चित्र अर्धवट रंगवून झालेलं असताना बदलला तर पुढच्या यंत्राची पकड सुटते आणि क्षणभर झटका दिसतो. म्हणून एसएमपीटीई या चित्रपट-टीव्हीची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या आरपी १६८ या शिफारशीत बदलाची जागा ठरवून दिली आहे: १०८०आयमध्ये ओळ ७ आणि ५६९, आपल्या जुन्या ६२५ ओळींच्या एसडीत ६ आणि ३१९. या ओळी दिसणाऱ्या चित्राच्या बाहेर असतात. १०८०आयची एक ओळ जेमतेम ३५.६ मायक्रोसेकंदांची, आणि त्यातल्याही छोट्याशा फटीत बदल उरकायचा. ती फट कधी येते हे राउटरला रेफरन्सवरून कळतं. हा रेफरन्स म्हणजे ब्लॅक बर्स्ट किंवा ट्राय-लेव्हल सिंक नावाचा सिग्नल, आणि आपल्याकडे तो ५० हर्ट्झच्या घराण्यातला हवा. परदेशातून आलेल्या सिंक जनरेटरवर (हा रेफरन्स तयार करणारं यंत्र) ५९.९४ निवडलेलं राहून गेलं तर रेफरन्सचा दिवा हिरवा दिसेल आणि टेक (सोर्सचा बदल) मात्र बिचकेल.

यालाही मर्यादा आहे. दोन्ही सोर्स एकमेकांच्या तालात असतील तरच बदल स्वच्छ होतो. स्टुडिओतले कॅमेरे एकाच सिंकवर बांधलेले असतात, त्यांचं जमतं. बॅकपॅकवरून (रिपोर्टरच्या पाठीवरच्या ट्रान्समीटरवरून) आलेलं लाइव्ह किंवा डिशचं फीड स्वतःच्याच चालीने चालतं. त्याला आधी फ्रेम सिंक्रोनायझरमधून (फीडला आपल्या तालात आणणाऱ्या यंत्रातून) न्यायचं आणि मग राउटरला द्यायचं. आणि एम्बेडेड ऑडिओ, म्हणजे चित्राच्याच केबलमधून जाणारा आवाज, असेल तर चित्र स्वच्छ बदललं तरी आवाजात टिचकी येऊ शकते, कारण आवाजाची लहर मध्येच तुटते. म्हणून ऑन-एअर तारेवर राउटरने कट मारू नये, ते मिक्सरचं किंवा मास्टर कंट्रोलचं काम, असं माझं मत. काही जण मारतात. मी नाही.

पॅनलवर बसल्यावर

पॅनल दोन प्रकारचे भेटतील. एकात एकाच डेस्टिनेशनसाठी सोर्सची बटणं असतात; मॉनिटरखाली बसवलेला छोटा पॅनल बहुधा असाच असतो. दुसरा एक्सवाय पॅनल, ज्यावरून कुठलंही डेस्टिनेशन गाठता येतं. एक्सवायवर हात असा चालवायचा:

पहिलं, डेस्टिनेशन निवडा. पॅनल लगेच दाखवतो की सध्या तिथे कुठला सोर्स आहे. तो वाचा. खरंच वाचा, कारण चुकीचं डेस्टिनेशन निवडलं असेल तर ते इथेच कळतं.

दुसरं, सोर्स निवडा. तो आता प्रीसेटमध्ये (तयारीत) लुकलुकेल. अजून काहीही बदललेलं नाही.

तिसरं, टेक. आणि मग बटणाकडे नाही, मॉनिटरकडे बघा. बटण उजळलं म्हणजे राउटरने आज्ञा मानली. चित्र पोहोचलं की नाही हे बटणाला ठाऊक नसतं.

काही ठिकाणी टेक बंद ठेवून सोर्स दाबताच बदल होईल अशी सोय करतात. घाईच्या माणसांना ती आवडते. ज्या पॅनलवरून ऑन-एअर डेस्टिनेशन गाठता येतं तिथे ती ठेवू नका.

पॅनलवर "लेव्हल" नावाची बटणंही दिसतील. व्हिडिओ एक लेव्हल, ऑडिओ दुसरी, टाइमकोड (प्रत्येक फ्रेमचा वेळ-क्रमांक) किंवा मशिन कंट्रोलचा डेटा आणखी वेगळी. एरवी सगळ्या लेव्हल एकत्र हलतात. चित्र एका सोर्सचं आणि आवाज दुसऱ्याचा हवा असेल तेव्हा लेव्हल सुटी करतात, त्याला ब्रेकअवे म्हणतात. काम झाल्यावर ती परत जोडायला विसरलं की पुढच्या पाळीला रिपोर्टरच्या तोंडून भलत्याच बातमीचा आवाज येतो.

लॉक आणि प्रोटेक्ट यांत फरक आहे. बहुतेक यंत्रणांत प्रोटेक्ट केलेलं डेस्टिनेशन फक्त ज्याने केलं त्याच पॅनलवरून बदलता येतं. लॉक केलेलं कुणालाच नाही, लॉक करणाऱ्यालाही नाही, आधी कुलूप काढावं लागतं. बुलेटिन चालू असताना प्लेआउटच्या तारा प्रोटेक्ट करून ठेवा. आणि एकाच दाबात वीस-पंचवीस बदल करायचे असतील, समजा पीसीआर (स्टुडिओची प्रॉडक्शन कंट्रोल रूम) एकमधून पीसीआर दोनकडे कारभार न्यायचा असेल, तर ते बदल आधी लिहून ठेवता येतात. याला साल्व्हो म्हणतात. साल्व्हो चालवण्याआधी त्यातली यादी ओळीओळीने वाचायची. सहा महिन्यांपूर्वी कुणी बनवला आणि मधल्या काळात किती डेस्टिनेशन्सचे नंबर बदलले, हे बटणावर लिहिलेलं नसतं.

नावं देताना "कॅम १", "सर्व्हर २ ए", "डिश ३" अशी छोटी ठेवा. पॅनलच्या डिस्प्लेवर आठच अक्षरं बसतात अशी यंत्रं अजून आहेत. इनपुट १ वर कायम कलर बार्स आणि इनपुट २ वर ब्लॅक ठेवण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे. उगाच नाही, पुढे कळेल.

संगणकावरून ताबा

नव्या माणसाचा मोठा गैरसमज म्हणजे पॅनल म्हणजेच राउटर. पॅनल हा फक्त रिमोट. सिग्नल कोॲक्सवरून वाहतो आणि आज्ञा नेटवर्क किंवा सिरियल केबलवरून. पॅनलची वायर निघाली, कंट्रोलर गोठला, तरी क्रॉसपॉइंट आहेत तसेच राहतात आणि चित्र चालू राहतं. बदल करता येत नाही, एवढंच. म्हणून कंट्रोल बंद पडल्यावर घाबरून राउटरची वीज बंद-चालू करू नका. चालू असलेलं प्रक्षेपण तुम्हीच पाडाल.

आज्ञा कशी दिसते हे स्वतः पाहायचं तर ब्लॅकमॅजिकचा एखादा छोटा व्हिडिओहब घ्या. त्याची भाषा साधा मजकूर आहे. लॅपटॉप त्याच नेटवर्कवर आणा, टेलनेटने (मजकूर टाइप करून दुसऱ्या यंत्राशी बोलण्याचा प्रोग्रॅम) त्याच्या आयपी पत्त्यावर पोर्ट ९९९० उघडा. जोडलं जाताच तो स्वतःहून सगळं सांगतो: मॉडेल, इनपुट-आउटपुटची नावं, कुलपं आणि चालू जोडण्यांची यादी. आता आज्ञा द्या. इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना इंग्रजी मोठी अक्षरं आणि इंग्रजी आकडे:

व्हिडिओ आउटपुट राउटिंग:
७ २

त्याखाली एक रिकामी ओळ. ती सोडली नाही तर तो वाट बघत बसतो आणि तुम्ही त्याची. उत्तर एसीके आलं म्हणजे मान्य, एनएके म्हणजे नाही. आधी डेस्टिनेशन, मग सोर्स, हा क्रम इथेही आहे. आणि मोजणी शून्यापासून, त्यामुळे वरच्या आज्ञेने आउटपुट ८ ला इनपुट ३ मिळतो. पेटीवरचा छापील आकडा तसाच टाइप केला की शेजारच्याचं चित्र बदलतं.

मोठ्या केंद्रांत एसडब्ल्यू-पी-०८ ही भाषा वारंवार भेटेल. ब्रिटनमधल्या प्रो-बेल कंपनीची. ती कंपनी स्नेलमध्ये गेली, स्नेल क्वांटेलशी जोडली गेली, २०१८ मध्ये तो सगळा संसार ग्रास व्हॅलीने घेतला. भाषा मात्र टिकली आणि वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं आजही ती बोलतात. ही मजकुरात नाही, बाइटमध्ये असते. वरचीच जोडणी हेक्समध्ये (सोळाच्या पायावरच्या आकड्यांत) अशी:

१० ०२ ०२ ०० ०० ०७ ०२ ०५ एफ० १० ०३

सुरुवातीचे १० ०२ म्हणजे निरोप सुरू, शेवटचे १० ०३ म्हणजे संपला. मधला ०२ हा "जोड" असा हुकूम, पुढचे दोन शून्य मॅट्रिक्स-लेव्हल आणि मोठ्या आकड्यांसाठी राखलेली जागा, मग डेस्टिनेशन ७, सोर्स २, पाच बाइटची मोजणी आणि चेकसम (निरोप वाटेत बिघडला का हे तपासायचा आकडा). मी पहिल्यांदा यासाठी छोटा प्रोग्रॅम लिहिला तेव्हा सगळे आउटपुट हलायचे, फक्त सतरावा हलायचा नाही. कार्ड बदललं, केबल बदलली. दोष माझ्या प्रोग्रॅममध्ये होता: शून्यापासून मोजलं तर सतरावा म्हणजे १६, हेक्समध्ये १०, आणि १० हा तर निरोपाच्या सीमेचा खुणेचा बाइट. तो मधे आला तर दोनदा पाठवायचा असतो. कागदपत्रात लिहिलेलं होतं. मी ते पान उलटून पुढे गेलो होतो.

काळा पडदा दिसला तर

डेस्टिनेशनच्या बाजूने सुरुवात करा. आधी मॉनिटर "नो सिग्नल" म्हणतोय की खरंच काळं चित्र आहे, ते पाहा. दुसऱ्या प्रकारात राउटर ठीक असून कुणीतरी ब्लॅक दिलेला असू शकतो. मग पॅनलवर त्या डेस्टिनेशनची स्थिती वाचा. मग तिथे इनपुट १ चे बार्स द्या, अर्थात ते ऑन-एअर नसेल तरच. बार्स आले तर आउटपुट, पुढची केबल आणि मॉनिटर तिन्ही सुटले; दोष सोर्सच्या बाजूला. बार्सही नाही आले तर सोर्सकडे धावू नका, आउटपुटपासून पुढे शोधा. उलट तपासणीसाठी तोच सोर्स एखाद्या रिकाम्या मॉनिटरवर घ्या. दोन टेकमध्ये अर्धा मार्ग निर्दोष ठरतो. चित्रात ठिपके चमकत असतील तर केबल आणि कनेक्टर, टेक घेताना झटका बसत असेल तर रेफरन्स, आणि आज्ञा मान्य होत नसेल तर आधी कुलूप.

राउटरच पडला तर? दोन पॉवर सप्लाय दोन वेगळ्या फेजवर किंवा वेगळ्या यूपीएसवर ठेवा, एकाच पट्टीत नाही. आणि ऑन-एअर तारेसाठी राउटरला वळसा घालणारी एक थेट केबल आणि साधा चेंजओव्हर स्विच असू द्या. वर्षातून एकदा तो दाबून पाहायचा, रात्रीच्या शांत वेळी.

आणि आयपी?

२०१७ मध्ये एसएमपीटीईची २११० मानकं आली आणि कोॲक्सच्या जागी नेटवर्क स्विच बसू लागले. चित्र, आवाज, डेटा वेगवेगळे प्रवाह होऊन मल्टिकास्टने (एकच प्रवाह, मागेल त्या सगळ्यांना) वाहतात. रेफरन्सचं काम पीटीपी, म्हणजे नेटवर्कवरून नेमकी वेळ वाटण्याची पद्धत, करते. चित्राचा फक्त दिसणारा भाग पाठवल्याने १०८०आयचे सेकंदाला सुमारे १.०४ अब्ज बिट होतात, वर पॅकेटांचा थोडा बोजा. इथे क्रॉसपॉइंट नावाची वस्तूच उरत नाही. कंट्रोल यंत्रणा, बहुधा एनएमओएस या खुल्या नियमावलीतल्या आयएस-०५ मधून, रिसीव्हरला सांगते की अमुक प्रवाह घे. रिसीव्हर आयजीएमपी नावाच्या भाषेत नेटवर्ककडे तो मागतो, आणि स्विच त्याच्या पोर्टवर तो सोडतो. सोर्सला यातलं काहीच कळत नाही. बदल झटक्याशिवाय हवा असेल तर रिसीव्हर जुना प्रवाह सोडण्याआधी नवा घेतो, म्हणजे क्षणभर त्याच्या तारेवर दोन्ही असतात. दहा गिगाबिटच्या पोर्टवर किती प्रवाह बसवायचे याचा हिशेब करताना ही जागा मोकळी धरायची. नाहीतर आठ मॉनिटर नीट चालतात आणि साल्व्हो चालवला की सगळे एकदम ठिपके मारतात.